डब्यातील वाटाणा आणि काजूगर

खाद्यपदार्थांची तुलना करताना माणसे बहुधा तराजूकडे पाहतात. शंभर ग्रॅम हे आणि शंभर ग्रॅम ते, एवढा हिशेब मांडला की निकाल लागला, असे त्यांना वाटते. हवाबंद डब्यातील हिरवा वाटाणा आणि काजूगर यांच्या बाबतीत मात्र हा तराजू फसवा ठरतो.

प्रथम आकडे पाहावेत. शंभर ग्रॅम काजूगरांत सुमारे ५५० उष्मांक, १८ ग्रॅम प्रथिने आणि ४४ ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात. पाणी निथळलेल्या तेवढ्याच डबाबंद वाटाण्यांत सुमारे ७० उष्मांक आणि जेमतेम साडेचार ग्रॅम प्रथिने; स्निग्धांश जवळजवळ नाहीच. वरवर पाहता काजूने बाजी मारली. परंतु वाटाण्याच्या वजनात पाचांतले चार भाग पाणीच असते, काजूत ते नाममात्र. शिवाय एका वेळी शंभर ग्रॅम काजू कोण खातो? मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम काजूंतून सुमारे साडेपाच ग्रॅम प्रथिने मिळतात, पण त्याबरोबर १६५ उष्मांक येतात. सव्वाशे ग्रॅम वाटाण्यांतून तितकीच प्रथिने नव्वदहून कमी उष्मांकांत पदरी पडतात. म्हणून वजन उतरवू पाहणाऱ्यास वाटाणा सोयीचा. थोडक्या घासांत ज्याचे पोट भरते अशा कृश मुलास काजू उपकारक. लहानग्यांना मात्र काजू अखंड देऊ नयेत. घशात अडकण्याचे भय असते. त्यांची पूड करून द्यावी. काही जणांना काजू मुळीच सोसत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

आता डब्याकडे वळू. निकोला आपेर या फ्रेंच मिठाईवाल्याने अन्न बाटलीत बंद करून उकळून टिकविण्याची आपली रीत १८१० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली; त्याच वर्षी इंग्लंडात पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले गेले. तत्त्व आजही तेच आहे: तीव्र उष्णतेने जंतू मारावयाचे आणि नवे आत येऊ द्यावयाचे नाहीत. पण हीच उष्णता ‘क’ जीवनसत्त्वाची वैरीण. ताज्या वाटाण्यात ते शंभर ग्रॅममागे सुमारे ४० मिलिग्रॅम असते. डब्यातल्या वाटाण्यात दहाच्या आसपास उरते. काही उष्णतेने नष्ट होते, काही डब्यातील पाण्यात उतरते. प्रथिने व तंतू मात्र बव्हंशी टिकतात. त्या पाण्यात बहुधा मीठ घातलेले असते. म्हणून रक्तदाबाच्या रोग्याने वाटाणे स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावेत. खारवलेल्या काजूंबाबतही त्याने तितकेच सावध असावे. फुगलेला डबा तर चव न पाहता टाकून द्यावा. त्यात प्राणघातक विष असू शकते.

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेला काजू गोमंतकात रुजला, त्याचे बळ निराळे आहे. त्यात शंभर ग्रॅममागे सहा-सात मिलिग्रॅम लोह असते, मॅग्नेशियमही विपुल असते. ‘क’ जीवनसत्त्व मात्र जवळजवळ शून्य. वनस्पतींतील लोह अंगी लागण्यास नेमके तेच जीवनसत्त्व साहाय्य करते. तेव्हा वाटाण्याच्या उसळीत थोडे काजू घालावेत आणि चुलीवरून उतरविल्यावर वर लिंबू पिळावे. तराजूत एकमेकांविरुद्ध उभे केलेले हे दोघे ताटात एकमेकांची उणीव भरून काढतात.