थंडीत गाडी सुरू होत नाही? बॅटरी, टायर आणि काच एवढं तरी बघाच

मागच्या डिसेंबरमधली गोष्ट. आईला पहाटे डायलिसिससाठी नाशिकला न्यायचं होतं. आमचं गाव निफाडकडचं, तिथली थंडी सगळ्यांना माहीतच आहे. आई शाल गुंडाळून मागे बसली, मी चावी फिरवली, तर बोनेटखालून नुसतं टक-टक-टक. सेल्फ फिरेचना. शेवटी शेजारच्या काकांना उठवलं, त्यांच्या गाडीवरून जंपर केबल लावली आणि पाऊण तास उशिरा निघालो. चूक माझीच. दोन आठवडे गाडी सकाळी जड सुरू होत होती आणि मी 'थंडीमुळे असेल' म्हणून सोडून देत होतो.

कारण थंडीच होतं, पण अर्धंच. बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. त्याच वेळी इंजिन ऑइल घट्ट होतं, त्यामुळे सेल्फला जास्त करंट लागतो. पण मित्रांनो, खरं नुकसान एप्रिल-मेच्या उन्हात झालेलं असतं. उष्णतेने बॅटरी आतून झिजते. उन्हाळ्यात इंजिन सहज फिरतं म्हणून ते कळत नाही, डिसेंबरमध्ये बिंग फुटतं.

साधा मल्टिमीटर घ्या आणि रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी तपासा. 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर उत्तम. 12.2 च्या खाली असेल तर चार्ज अर्ध्याहूनही कमी आहे. इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत आकडा 14 च्या जवळ जातो. तो 13 च्या खालीच राहिला तर आधी अल्टरनेटर दाखवा, नाहीतर नवी बॅटरीही उतरेल. टर्मिनलवर पांढरी-हिरवट पावडर साचली असेल तर तीही साफ करून घ्या.

जंपर केबल लावताना क्रम चुकवू नका. लाल वायर आधी बंद गाडीच्या प्लसला, मग चालू गाडीच्या प्लसला. काळी वायर चालू गाडीच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला. ते बॅटरीवर लावायचं नाही, कारण बॅटरीजवळ हायड्रोजन वायू असू शकतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते.

टायरचं सोपं आहे. तापमान 5-6 अंशांनी उतरलं की हवा साधारण 1 पीएसआय कमी होते. गाडी पळवण्याआधी, टायर थंड असतानाच मोजा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकरवर असतं, पंक्चरवाल्याच्या अंदाजावर जाऊ नका.

आता धुकं. काच आतून धुरकटली की आपण फडक्याने पुसत बसतो (मीही तेच करायचो). त्याऐवजी एसी चालू करा, हो, थंडीतसुद्धा! एसी हवेतला ओलावा काढून घेतो. तापमानाचं बटण गरमकडे ठेवा, झोत काचेवर घ्या आणि हवा बाहेरून आत येऊ द्या. आतलीच हवा फिरवत ठेवली तर आपल्या श्वासाचाच ओलावा काचेवर बसतो. हेडलाइट लो बीमवर ठेवा. हाय बीमचा उजेड धुक्यावरून परत डोळ्यांत येतो.

आणि गाडी गरम करायची म्हणून बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आमची बॅटरी नंतर बदलली. जुनीवरची तारीख बघितली तर साडेचार वर्षं झाली होती. जंपर केबल आता कायम डिकीत असते.