हरणासाठी कोणतं काडतूस?

आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात भात निसवायला लागला की पारावर हा प्रश्न हमखास निघतो. कुणाच्या तरी नाचणीत रात्री सांबरं उतरलेली असतात, बांध तुडवलेला असतो. अशात ज्याच्या नातेवाइकाकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे असा एखादा जण म्हणतो, "एक काडतूस पुरे. फक्त कोणतं वापरायचं ते सांगा." खरं उत्तर असं की, जुन्नर-आंबेगावात हरणासाठी योग्य असं काडतूसच नाही. कायद्याच्या नजरेतही नाही आणि त्या जनावराच्या नजरेतही नाही.

सगळ्यात जुना समज असा की शिकारीचा परवाना आजही मिळतो, फक्त वशिला लागतो. तो आजोबांच्या आठवणींतून आला आहे आणि त्यांच्या काळात ते खरंही होतं. मुंबई राज्याचा वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायदा 1951 चा. त्यात परवाना काढून शिकार करता येत असे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हाही काही प्राण्यांसाठी परवान्याची वाट उघडी होती. 1991 च्या दुरुस्तीने ती बंद झाली. आज सांबर, भेकर, पिसोरी, चितळ यांतल्या कशाचीही हौसेची शिकार करायला कोणताच अधिकारी परवाना देऊ शकत नाही, मग वशिला कुणाचाही असो. भीमाशंकर अभयारण्य 1985 मध्ये जाहीर झालं, म्हणून बंदी फक्त त्याच्या हद्दीत आहे असंही काहींना वाटतं. हद्दीत शिकारीला किमान तीन वर्षं कैद आहे हे खरं. पण बंदी तुमच्या सातबाऱ्यावरच्या जमिनीतही तेवढीच लागू आहे.

"मारलंच नाही, नुसता बार काढला," हा बचावही टिकत नाही. कायद्यातल्या 'शिकार' या शब्दात मारण्याबरोबर फास लावणं, विष घालणं, हाकारा करणं, जखमी करणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं येतं. नेम चुकला तरी गुन्हा होतोच.

आता शस्त्राबद्दल. आमच्या घरी माळ्यावर ठासणीची एक बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंध्यांचा बोळा, मग छर्रे, आणि गजाने ठासायचं. लहानपणी ती मला शिकारीची बंदूक वाटायची. परवान्यावर मात्र 'पीक संरक्षण' असं लिहिलं होतं. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्याच बंदुकीचा उल्लेख आहे. ती पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. शेतराखणीसाठी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर या तरतुदीत बसतच नाही. ते मिळतं आत्मसंरक्षणासाठी. आणि पीक संरक्षणाचा परवाना हा बंदूक बाळगण्याचा परवाना आहे, हरीण मारण्याचा नव्हे. हे दोन वेगळे कायदे आहेत. एकाच्या कागदावर दुसऱ्याची सूट मिळत नाही.

तरीही पारावरचा तो प्रश्न मी अर्धवट सोडणार नाही, कारण त्यामागचा समज फार क्रूर आहे. सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळणारं नेहमीचं रिव्हॉल्व्हर .32 बोअरचं. त्याची गोळी साधारण साडेसहा ग्रॅमची आणि नळीतून सुटताना तिची ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आसपास. इंग्लंडमध्ये हरणांची शिकार कायदेशीर आहे. तिथल्या 1991 च्या कायद्याने मोठ्या हरणांसाठी रायफलच सक्तीची केली आहे आणि तिच्या गोळीची ऊर्जा किमान 2,300 ज्यूलच्या घरात लागते, म्हणजे आपल्या रिव्हॉल्व्हरच्या पंधरापट. अमेरिकेत काही राज्यांत हातबंदुकीने हरीण मारायला परवानगी आहे, पण तिथे .44 मॅग्नमसारखी कितीतरी जड आणि वेगवान काडतुसं वापरतात, तीही जवळच्या अंतरावरून.

आपल्याकडचा सांबर नर दोनशे किलोच्या पुढे जातो. जाड कातडं, रुंद खांदा. अंधारात, बॅटरीच्या झोतात, धापा टाकत झाडलेली .32 ची गोळी त्याला जागेवर पाडत नाही. ती पोटात किंवा मांडीत रुतते. जनावर कारवीत घुसतं, पाण्याच्या दिशेने जातं आणि ओढ्याच्या काठी दोन-तीन दिवसांनी मरतं. अशी जखम जवळून पाहिलेला माणूस पुन्हा "एक काडतूस पुरे" म्हणत नाही. त्याच झोतात पलीकडच्या माचाणावर राखणीला बसलेला शेजारीही असू शकतो, हे वेगळं सांगायला नको.

"मग बिबट्याला कसं मारतात?" हा जुन्नरचा हक्काचा प्रश्न. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये जुन्नर वन विभागातल्या पिंपरखेड परिसरात, शिरूर तालुक्यात, माणसांवर जीवघेणे हल्ले झाल्यावर वन विभागाने नेमबाजांकरवी बिबट्या मारला. ती शिकार नव्हती. जनावर माणसाच्या जिवाला धोका ठरलं असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारणं देऊन तशी परवानगी देऊ शकतात. अंगावर आलेल्या जनावरापासून स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना ते मेलं, तर तोही गुन्हा धरत नाहीत. मात्र हे संरक्षण जिवापुरतं आहे. नाचणी वाचवताना सांबर मारलं, तर त्याचा आधार घेता येत नाही. रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत 2015 मध्ये शासनाने वनअधिकाऱ्याच्या परवानगीची सोय केली, पण हरणांचं नाव त्यात नाही.

एक समज तर आपल्या देवघराशेजारच्या फडताळातच असतो. बरगडी भरली की सांबरशिंग उगाळून लावायचं, ही घरोघरची रीत. सांबराची शिंगं दरवर्षी गळतात हे खरं आहे, त्यामुळे रानात सापडलेलं शिंग आणलं तर काय बिघडलं, असं वाटतं. पण शिंग गळलेलं असलं तरी ती सरकारी मालमत्ता असते. ते हाती आलं, तर 48 तासांत वनाधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याला कळवावं लागतं. आणि घरात सापडलं, तर ते आपल्याकडे कायदेशीरपणे आलं हे आपल्यालाच सिद्ध करावं लागतं.

राहिला तुडवलेला बांध, आणि माझ्या लेखी खरा प्रश्न तोच आहे. शेतकऱ्याचा राग खोटा नाही. वर्षभराची वरई एका रात्रीत जाते. पीकनुकसानीच्या शासन निर्णयात रानडुक्कर, रानगवा यांच्याबरोबर 'हरीण (सारंग व कुरंग)' असे शब्द स्पष्ट आहेत, पण पुष्कळांना वाटतं की भरपाई फक्त बिबट्याने शेळी नेली तरच मिळते. अर्ज तीन दिवसांच्या आत वनरक्षकाकडे किंवा परिक्षेत्र कार्यालयात द्यायचा असतो, आणि बहुतेकांचे पैसे इथेच बुडतात, कारण पहिले दोन दिवस रागात जातात. सकाळी खुरांचे ठसे ओले असतानाच फोटो काढा, शेजारी वीत किंवा विळा ठेवून, म्हणजे ठशाचा आकार कळतो. लेंड्या दिसल्या तर त्यांचाही फोटो घ्या. पंचनामा होईपर्यंत शेत नांगरू नका. वनरक्षक फोन उचलत नसेल, तर 1926 वर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक अर्जावर लिहा.