जुनी भिंत किती ओढ सोसते?

आज आपण काशीच्या भोसले घाटावरून बोलतोय. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकात बांधलेला हा घाट. वरची उंच दगडी भिंत पाहिली की वाटतं, हिला एखादा फलक किंवा मोठा दिवा सहज पेलेल. पण खाली पायऱ्यांवर दिवसभर माणसं असतात. म्हणून आधी हिशेब, मग भोक.

आत लोखंडी सळई नसलेली भिंत दाब उत्तम सोसते. वरचं वजनच तिला घट्ट धरून ठेवतं. बाहेरच्या ओढीला मात्र ती कच्ची. दगड पक्का असला, तरी दोन दगडांमधला चुना लवकर सुटतो.

आणि फलक भिंतीला नुसता खाली नेत नाही, वरचा बोल्ट बाहेरही खेचतो. समजा, 40 किलोचं वजन भिंतीपासून 50 सेंटिमीटर पुढे आहे आणि वरच्या-खालच्या बोल्टमध्ये 25 सेंटिमीटर अंतर आहे. 40 गुणिले 50 भागिले 25, म्हणजे वर 80 किलोची ओढ! तेच अंतर 50 केलं, की ओढ 40 वर येते. वाऱ्याचे हिसके वेगळे धरायचे.

मी भिंत अशी तपासतो. आधी नजरेनं: तडे, ओल, लोणा, सुटलेलं पोट. गंगेचा पूर पायऱ्या चढून येतो, त्यामुळे खालचा भाग नीट पाहायचा. मग लाकडी हातोडीनं ठोकायचं. भदभद आवाज आला तर आत पोकळी असू शकते. सांधा खिळ्यानं खरवडायचा. चुना पिठासारखा गळला तर ती जागा सोडायची. जाड भिंतीत पुष्कळदा दोन्हीकडे घडीव दगड आणि मधे भरड असते, म्हणून लांब बोल्ट म्हणजे मजबूत बोल्ट असं नाही.

शेवटची परीक्षा ओढीची. आडोशाच्या जागी तसाच बोल्ट बसवून, वाऱ्यासकट येणाऱ्या ओढीच्या दीडपट जोरानं यंत्रानं खेचून काही मिनिटं धरायचं. बोल्ट जरा जरी सरकला, तरी नापास.

फुगून घट्ट बसणारे बोल्ट दगडाच्या कडेजवळ नकोत, दगड फुटतो. कठड्यावरही नकोत, तिथे वरून दाबणारं वजनच नसतं.

भिंत नापास झाली, तर खांब जमिनीवर उभा करा. वारशाच्या वास्तूत तर पहिला विचार तोच हवा. परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घेतल्याशिवाय ड्रिल लावूच नका.