अडीच गुंठ्यांतलं काचघर

लाइट गेली ना? जाऊ दे. या सगळे ओसरीवर. चिमणे, तू झोपाळ्यावर नको, मघाशीच गुडघा फोडून घेतलायस. इथे माझ्याजवळ बस.

गेल्या वर्षी मी आणि आजी काकाकडे इंग्लंडला गेलो होतो, लेस्टरला, ते आठवतंय? काकाच्या घराला परस म्हणावा असा परसच नाही. मागे चार फरश्या, की संपलं. पण घरापासून पंधरा मिनिटांवर त्याला जमिनीचा एक तुकडा भाड्यानं मिळालाय. अलॉटमेंट म्हणतात त्याला. जमीन नगरपालिकेची, वर्षाचं भाडं आपलं. घरापुरती भाजी पिकवायची, धंदा करायचा नाही. लोकांनी मागणी केली तर नगरपालिकेनं अशी जमीन द्यावी, असा 1908 सालचा कायदाच आहे तिकडे.

मी विचारलं, "किती आहे रे जमीन?" तर म्हणाला, "दहा रॉड." आता रॉड म्हणजे काय? साडेसोळा फूट. आणि दहा चौरस रॉडचे आपले गुंठे किती, हे मी तिथेच खताच्या पिशवीवर मांडलं. बरोबर अडीच आले! बरोबर म्हणजे एक फूटही इकडे नाही की तिकडे नाही. मग लक्षात आलं, गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, तेहतीस फूट बाय तेहतीस फूट. दोन रॉड लांब, दोन रॉड रुंद. आपल्या सातबाऱ्यावर साहेबाची काठी अजून अशी लपून बसलीय.

तर त्या अडीच गुंठ्यांत काकाला काचघर उभं करायचं होतं. तिकडे मे महिन्यातसुद्धा एखाद्या रात्री दहिवर गोठतं आणि टोमॅटोची रोपं सकाळी उकडलेल्या पालकासारखी लोळतात. म्हणून काचेचं घर. काकानं जुनंच विकत आणलं होतं, ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि काचांचा गठ्ठा. सहा फूट बाय आठ फूट.

आम्ही दोघांनी दोन दिवस खपून सांगाडा उभा केला. स्प्रिंगच्या चिमट्यांनी एकेक काच बसवली. शेवटची काच काही केल्या बसेना. वरच्या कोपऱ्यात बोटभर फट, खाली काच अडकते. मी काचेला शिव्या घालतोय, तेवढ्यात शेजारच्या वाफ्यातला म्हातारा सुतळी घेऊन आला. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणली, मग दुसरीकडून ताणली, आणि नुसता हसला. एक कर्ण दहा फूट दोन इंच आणि दुसरा त्याहून कमी! आमचं घर तिरकं बसलं होतं. सहा, आठ, दहा... अरे, तीस वर्षं मी पोरांकडून पायथागोरस घोकून घेतला, आणि कर्ण मोजायचं मलाच सुचलं नाही. आपल्याकडचा कुठलाही गवंडी पाया आखताना आधी तेच करतो.

हसा, हसा. याहून मोठी फजिती पुढे आहे.

काचघर झालं. बाहेर स्वेटर घालायची थंडी आणि आत घाम. म्हाताऱ्यानं विचारलं, "आत गरम का होतं, मास्तर?" मी म्हटलं, सोपं आहे. उजेड काचेतून आत येतो, माती तापते, तापलेली माती न दिसणारे उष्णतेचे किरण सोडते, ते काचेतून बाहेर पडू शकत नाहीत. अडकले! हेच मी फळ्यावर काढत आलोय. तो काही बोलला नाही. छपराला एक छोटी खिडकी होती, हातभर लांबीची. ती त्यानं उघडली आणि सोबत दारही उघडं ठेवलं. पाच मिनिटांत आतली गरमी ओसरली. काच तर जवळजवळ सगळी जागच्या जागीच होती. मग किरण पळाले कुठून?

त्या रात्री मला झोप नाही. पुस्तकं चाळली तेव्हा कळलं, रॉबर्ट वुड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1909 साली याच प्रश्नाची गंमत केली होती. त्यानं दोन खोकी घेतली, आतून काळी. एकावर काचेचं झाकण. दुसऱ्यावर कशाचं असेल? सैंधवाचं! आजी उपासाला वापरते ना, तेच मीठ, पण त्याचा स्वच्छ पारदर्शक तुकडा. सैंधवातून उष्णतेचे किरण खुशाल आरपार जातात. माझा फळा खरा असता तर मिठाच्या झाकणाचं खोकं थंड राहायला हवं होतं. दोन्ही खोकी जवळपास सारखीच तापली. फरक जेमतेम एका अंशाचा!

म्हणजे मुख्य काम झाकणाचं. उघड्या रानात जमिनीलगतची हवा तापते, हलकी होते, वर जाते, आणि तिच्या जागी गार हवा येते. दिवसभर हा रहाट चालूच. काचघरात तापलेल्या हवेला वर जायला वाटच नाही. ती तिथल्या तिथे घुटमळते आणि आणखी तापते. एसटी स्टँडबाहेर उन्हात काचा लावून ठेवलेल्या गाडीत बसलायत ना? तेच. तळेगावला गुलाबांची पॉलिहाऊसं बघाल तर छपराशी फट ठेवलेली असते आणि बाजूचे पडदे गुंडाळून वर घेता येतात. आपल्याकडे ऊब कोंडायची नसते, वाट द्यायची असते.

काय म्हणालास? मग ग्रीनहाऊस इफेक्ट खोटा? नाही रे बाबा. तो खरा, नाव तेवढं चुकीच्या घरावरून पडलं. पृथ्वीला कुठे छप्पर आहे? तिथे हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड तेच न दिसणारे किरण शोषतात आणि काही परत खाली पाठवतात. अमेरिकेत युनिस फूट नावाच्या बाईंनी 1856 मध्येच काचेच्या नळ्यांत निरनिराळे वायू भरून उन्हात ठेवले होते. सर्वांत जास्त तापली ती कार्बन डायऑक्साइडची नळी.

असो. त्या खिडकीला म्हाताऱ्यानं एक नळकांडं बसवून दिलं. वायर नाही, सेल नाही. आत मेणासारखा पदार्थ. ऊन वाढलं की मेण फुगतं, दांडा पुढे ढकलतं, खिडकी उघडते. संध्याकाळी मेण आकसतं, स्प्रिंग खिडकी ओढून घेते. मी खुर्ची टाकून तासभर नुसता ते बघत बसायचो. आजी म्हणायची, सिनेमा लागलाय यांचा.

जूनमध्ये टोमॅटोला फुलं आली, पिवळी, टोकदार. आणि गळून गेली. पाणी होतं, खत होतं, ऊब होती. मग काय नव्हतं?

वारा! टोमॅटोचं फूल मोठं चिक्कू. त्याचे पराग एका बंद सुरळीत असतात, तोंडाशी बारीक भोक, मिठाच्या डबीसारखं. हलवल्याशिवाय काही सांडत नाही. वांग्याचंही तसंच. रानात वारा हलवतो, नाहीतर भुंगा. आपला काळा भुंगा वांग्याच्या फुलाला मिठी मारतो, पंख न फडफडवता पंखांचेच स्नायू थरथरवतो, आणि 'घुर्रर्र' झालं की परागांचा पाऊस. मधमाशीला ही विद्या येत नाही. इंग्लंडात हे काम गुबगुबीत, केसाळ बंबलबी करतात. बेल्जियम-हॉलंडच्या मोठ्या काचघरांत पूर्वी माणसं हातात थरथरणारं यंत्र घेऊन फुलाफुलाला लावत फिरायची. 1980 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी बंबलबीच पाळून आत सोडल्या. आणि आम्ही? थंडीच्या भीतीनं दार लावून, वारा आणि माशी दोघांनाही बाहेर ठेवून बसलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून दार उघडं. पण मला कुठला धीर! काकूचा तो सेलवर चालणारा, दात घासायचा ब्रश आहे ना, घूं घूं करणारा? तो खिशात घातला आणि एकेका फुलाच्या देठाला टेकवला. पिवळी धूळ उडाली की हो! जुलैअखेर पहिला टोमॅटो लाल झाला. चौघांनी फोडी करून मीठ लावून खाल्ला.

ब्रश मी धुऊन जागेवर ठेवायचो, रोज. काकूला हे अजून माहीत नाही. फोनवर बडबडू नका.