अर्ध्या सेकंदाची शंका

संगणकाचे प्रोग्राम लिहिणारा मनुष्य म्हणजे थंड खोलीत बसणारा, भरपूर पगाराचा बाबू, असा आम्हा कामगार चळवळीतल्या मंडळींचा पुष्कळ वर्षे समज होता. तो आमच्या सभेला येत नसे आणि आम्हीही त्याच्या दारी जात नसू. २०२४ साली घडलेल्या एका प्रकाराने आमचा हा समज खोडून काढला. तोच प्रकार येथे उलगडून सांगावयाचा आहे.

आंद्रेस फ्रॉइंड हे सॅन फ्रान्सिस्कोत मायक्रोसॉफ्ट कंपनीत काम करणारे प्रोग्रामर. ‘पोस्टग्रेस’ ही माहिती साठविण्याची एक खुली, विनामूल्य प्रणाली आहे. तिचा वेग बारकाईने मोजण्याचे त्यांचे काम चालू होते. अशा मोजमापाला यंत्र शांत लागते. परंतु ‘एसएसएच’ नावाचा प्रोग्राम अकारण शक्ती खात आहे, असे त्यांना दिसले. हा प्रोग्राम म्हणजे दूरच्या संगणकाचा दरवान. ओळख पटल्यावाचून तो कोणाला आत सोडत नाही. या दरवानाचे उत्तर सुमारे ०.३ सेकंदात यावयाचे, ते येण्यास ०.८ सेकंद लागत होते. फरक अवघ्या अर्ध्या सेकंदाचा!

यंत्रमागावर काम केलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. चार माग एकदम खडखडत असताना एकाचा धोटा जरा वेगळा वाजला, की जुना कामगार बोलता बोलता मान वळवतो. फ्रॉइंड यांनीही मान वळवली आणि माग काढीत ते मुळाशी पोहोचले.

मुळाशी होता ‘एक्सझेड’ नावाचा लहानसा प्रोग्राम. कापसाच्या गाठी दाबून बांधतात, तशी माहिती दाबून लहान करणे एवढेच त्याचे काम. काही लिनक्स प्रणालींत दरवानाबरोबर त्याचाही एक भाग ओघाने कामाला लागतो. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा बसविला होता. ज्याच्याकडे गुप्त किल्ली, त्याला पाहिजे तो हुकूम त्या संगणकावर चालविता आला असता. २९ मार्च २०२४ रोजी फ्रॉइंड यांनी ही गोष्ट जाहीर केली. जगातल्या बहुसंख्य संगणकांपर्यंत त्या आवृत्त्या अद्याप पोहोचल्या नव्हत्या. म्हणून अनर्थ टळला.

आता चोर आत शिरला कसा, ते पाहू. एक्सझेड सांभाळणारा फिनलंडमधला एक गृहस्थ हे काम वर्षानुवर्षे बिनपगारी, छंद म्हणून करीत असे. २०२१ पासून ‘जिया तान’ या नावाने कोणी त्याला दुरुस्त्या पाठवू लागला. २०२२ मध्ये निरनिराळ्या नावांनी तक्रारी आल्या : काम संथ चालते, दुसरा माणूस घ्या. हे विनावेतन काम आहे, याची त्या गृहस्थाला आठवण करून द्यावी लागली. शेवटी जिया तानच्या हाती किल्ल्या आल्या. कुलूप फोडण्याची गरजच पडली नाही. एका थकलेल्या माणसाचा एकटेपणा चोराला पुरला.

बड्या बड्या कंपन्या ज्या पायावर उभ्या आहेत, त्याची एक वीट एकटा माणूस फुकट धरून उभा होता आणि त्याला हातभार लावावा असे कोणाच्या मनात आले नाही. याला आम्ही अपघात म्हणत नाही. ती कामाची सदोष व्यवस्था आहे. गिरणीत एकाच माणसाला रात्रंदिवस बॉयलरवर ठेवले, तर आपण काय म्हणू?

दुसरी गोष्ट अशी की, फ्रॉइंड यांना अर्ध्या सेकंदाच्या मागे लागण्याइतकी सवड होती. ज्याच्या डोक्यावर घड्याळ आणि मुकादम बसला आहे, तो कामगार वेगळा आवाज ऐकूनही पुढे जातो. विश्रांती, सोबती आणि शंका विचारण्याची मोकळीक यांसाठी कामगार लढतो, तेव्हा तो आपली चैन मागत नसतो. सर्वांची सुरक्षितता मागत असतो.

प्रोग्रामर हा आमचाच भाऊबंद आहे, हे कळावयास आम्हाला उशीर झाला. आता त्याच्या दारी आम्ही जाणार आहोत.