आळशी ऑपरेटरच्या जागी बसून
गुप्तलिपींचा मागोवा : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण एनिग्मा यंत्राचं पोट उघडून पाहिलं: चाकं, त्यांच्यावरच्या रिंग, तारांचा फलक आणि त्यातून होणाऱ्या जुळण्यांची छाती दडपवणारी संख्या. जर्मनांचा सगळा भरवसा त्या संख्येवर होता. आकडेमोड चुकलेली नव्हती, पण यंत्र चालवणारा माणूस तिच्यात धरलेलाच नव्हता.

फेब्रुवारी १९४०. ब्रिटिशांच्या गुप्तलिपी फोडण्याच्या केंद्रात, ब्लेचली पार्कच्या सहा नंबरच्या हटमध्ये, बेलफास्टचा जॉन हेरिवेल नुकताच रुजू झाला होता. वय एकवीस, केंब्रिजचा गणिताचा विद्यार्थी. दिवसभर डोकेफोड करून काही हाती लागत नव्हतं. एका संध्याकाळी तो घरमालकिणीकडे शेकोटीपुढे पेंगत बसला असताना त्याच्या डोळ्यांपुढे यंत्राऐवजी जर्मन ऑपरेटर आला.

हा गडी सकाळी काय करतो? तक्त्यात पाहून तीन चाकं निवडतो, प्रत्येकाची रिंग त्या दिवशीच्या अक्षरावर अडकवतो, चाकं यंत्रात बसवतो, झाकण लावतो. मग पहिल्या संदेशासाठी चाकं मनाला येतील तशी फिरवतो आणि खिडक्यांत दिसणारी तीन अक्षरं संदेशाच्या माथ्यावर उघड पाठवतो. नियम असा होता. पण घाईतला, कंटाळलेला किंवा नुसताच आळशी माणूस चाकं फिरवेल कशाला? बसवताना होती तिथेच ठेवेल, फार तर एखादं घर इकडेतिकडे. म्हणजे रिंगची गुप्त अक्षरं तो स्वतःच जवळजवळ जशीच्या तशी हवेत सोडून देईल!

सगळेच ऑपरेटर आळशी नसतात. म्हणून हेरिवेलने सुचवलं, की सर्व केंद्रांचे त्या दिवशीचे पहिले संदेश घ्यायचे आणि त्यांची अक्षरं २६ बाय २६ घरांच्या कागदावर मांडायची. शिस्तीच्या माणसांची अक्षरं कुठेही विखुरतील, आळशांची एका कोपऱ्यात गर्दी करतील. रिंगच्या १७,५७६ शक्यतांपैकी मोजक्याच तपासायच्या उरतील.

गटप्रमुख गॉर्डन वेल्चमन यांना हे पटलं. रोज कागद भरला जाऊ लागला आणि रोज त्यावर काहीच दिसेना. मला या प्रकरणातला हाच भाग मोलाचा वाटतो. शेकोटीची गोष्ट सगळे सांगतात; कल्पना फसल्यासारखी दिसत असताना वसंतभर कागद भरत राहिलेल्यांची नावं कुणी विचारत नाही. मे महिन्यात जर्मनांनी संदेशाची किल्ली, म्हणजे त्या संदेशापुरती चाकांची सुरुवातीची अक्षरं, दोनदा पाठवण्याची पद्धत बंद केली आणि ब्लेचलीचं तोवरचं तंत्र निकामी झालं. त्याच सुमारास फ्रान्सवर स्वारी सुरू झाली. धावपळीत शिस्त ढिली पडली आणि कागदावर अक्षरांचा घोळका उमटला. महिना संपायच्या आत जर्मन वायुदलाचे संदेश पुन्हा वाचले जात होते.

डिली नॉक्स यांच्या गटात, इटालियन नौदलाच्या एनिग्मावर काम करणाऱ्या मेव्हिस लीव्हरलाही माणूसच सापडला. एका लांबलचक संदेशात ‘एल’ हे अक्षर एकदाही नाही, हे तिने हेरलं. एनिग्मात कोणत्याही अक्षराच्या जागी तेच अक्षर कधीच येत नाही. म्हणजे चाचणीचा संदेश पाठवायला सांगितलेल्या कुणीतरी कंटाळून नुसती ‘एल’चीच कळ बडवली होती. अख्खा मूळ मजकूर आयता हाती आला आणि त्यावरून चाकातली तारजोडणी काढता आली.

गणिताला यात कमी लेखण्याचं कारण नाही. ट्युरिंग आणि वेल्चमन यांच्या, एनिग्माची मांडणी शोधून काढणाऱ्या ‘बॉम्ब’ यंत्रांविना पुढची वर्षं निभली नसती. पण माणसाच्या हाती काही सोडलं नाही तर काय होतं, हे जर्मन नौदलाने दाखवून दिलं. तिथे किल्ली ऑपरेटरच्या मर्जीवर नव्हती. ती छापील पुस्तकातून घ्यायची आणि अक्षरजोड्यांच्या तक्त्यांनी झाकायची. परिणामी अटलांटिकमधल्या पाणबुड्यांचे संदेश १९४१ उजाडेपर्यंत ब्लेचलीला जवळपास बंदच राहिले. ते उघडले, ते जर्मन जहाजांवरून किल्ल्यांचे तक्ते आणि कोडपुस्तकं पळवून आणल्यावर. त्या मोहिमांविषयी पुढच्या आठवड्यात.