द सन सेशन्स

द सन सेशन्स हे अमेरिकन गायक एल्व्हिस प्रेस्ली याच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रणांचे संकलन आहे. आरसीए या कंपनीने ते मार्च १९७६ मध्ये अमेरिकेत दीर्घ ध्वनिमुद्रिकेच्या (एल.पी.) रूपात प्रसिद्ध केले. त्यातील सर्व गीते १९५४ व १९५५ या दोन वर्षांत टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात, सॅम फिलिप्स याच्या 'सन' या छोट्या ध्वनिमुद्रणगृहात मुद्रित झाली. 'रॉकबिली' या संगीतप्रकाराचा हा मूलग्रंथच होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

'रॉकबिली' हा शब्द 'रॉक' आणि 'हिलबिली' या दोन शब्दांचा जोड आहे. हिलबिली म्हणजे डोंगराळ भागातला गावंढळ माणूस. दक्षिणेकडील गोऱ्या ग्रामीण लोकांच्या कंट्री संगीताला हे काहीसे हिणकस नाव चिकटले होते. त्या संगीताची कृष्णवर्णीयांच्या ऱ्हिदम अँड ब्लूजशी गाठ पडली, तेव्हा हा प्रकार जन्मास आला.

== पार्श्वभूमी ==

सॅम फिलिप्स याने जानेवारी १९५० मध्ये मेम्फिसच्या युनियन अव्हेन्यूवर, ७०६ क्रमांकाच्या जागेत, ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय सुरू केला. लग्नसमारंभ असो वा भाषण, पैसे दिले की काहीही मुद्रित करून मिळे. त्याचा खरा ओढा मात्र परिसरातील कृष्णवर्णीय ब्लूज गायकांकडे होता. १९५२ मध्ये त्याने 'सन रेकॉर्ड्स' ही स्वतःची कंपनी काढली. १९५३ च्या उन्हाळ्यात अठरा वर्षांचा प्रेस्ली सुमारे चार डॉलर देऊन स्वखर्चाने दोन गाणी मुद्रित करून घेण्यासाठी तेथे आला. फिलिप्सची सहकारी मॅरियन कीस्कर हिने त्याचे नाव टिपून ठेवले. पुढे वर्षभराने फिलिप्सने त्याची गाठ गिटारवादक स्कॉटी मूर आणि डबल बास वाजवणारा बिल ब्लॅक यांच्याशी घालून दिली.

== ५ जुलै १९५४ ==

त्या संध्याकाळी तिघांनी 'आय लव्ह यू बिकॉज' हे संथ कंट्री गीत वारंवार गाऊन पाहिले. त्यातून काही विशेष निष्पन्न होईना. विश्रांतीच्या वेळी प्रेस्लीने गंमत म्हणून आर्थर क्रडप या ब्लूज गायकाचे 'दॅट्स ऑल राइट' सुरू केले. ब्लॅकने साथ धरली, मूरही सामील झाला. नियंत्रणकक्षातून फिलिप्सने डोके बाहेर काढले, हे काय चालले आहे असे विचारले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला सांगितले.

तबकडीच्या दुसऱ्या बाजूसाठी निवडलेले 'ब्लू मून ऑफ केंटकी' हे बिल मन्रो याचे ब्लूग्रास गीत मुळात तीन मात्रांच्या संथ वॉल्ट्झमध्ये होते. तिघांनी ते चार मात्रांच्या धावत्या लयीत आणले. दादऱ्यात बांधलेली चीज कोणी द्रुत केरव्यात म्हणू लागावे, तसाच हा प्रकार. एका बाजूला कृष्णवर्णीयाचे ब्लूज आणि दुसऱ्या बाजूला गोऱ्याचे ब्लूग्रास, दोन्ही एकाच आवाजात: पुढच्या सर्व तबकड्यांसाठी फिलिप्सने हाच साचा कायम ठेवला.

काही दिवसांतच ड्युई फिलिप्स (हा सॅमचा नातेवाईक नव्हे) या निवेदकाने मेम्फिसच्या डब्ल्यूएचबीक्यू रेडिओ केंद्रावरून 'दॅट्स ऑल राइट' एकाच रात्री अनेकदा वाजवले. त्याने प्रेस्लीला केंद्रावर बोलावून घेतले आणि तो कोणत्या शाळेत शिकला हे मुद्दाम विचारले. प्रश्न वरवर साधा वाटतो. परंतु मेम्फिसमधील शाळा तेव्हा वर्णानुसार वेगळ्या होत्या, आणि ह्यूम्स हायस्कूल हे उत्तर ऐकताच गायक गोरा आहे हे श्रोत्यांना कळून चुकले. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १७ मे १९५४ रोजी, म्हणजे जेमतेम सात आठवड्यांपूर्वी, लागला होता.

== ध्वनीचे वैशिष्ट्य ==

बहुतेक गीतांत ढोल नाहीत; ते १९५५ मधील काही मुद्रणांतच ऐकू येतात. तालाची जबाबदारी ब्लॅकच्या बासवर असे. तो वाद्याच्या तारा खेचून पट्टीवर आपटे, त्यामुळे स्वराबरोबरच टक्क असा आघात उमटे. प्रेस्ली साधी लयीची गिटार वाजवी आणि मूर मधल्या जागा भरी.

या संगीताभोवती जो प्रसिद्ध प्रतिध्वनी आहे, त्याची युक्ती सोपी आहे. चुंबकीय फितीच्या यंत्रात ध्वनी मुद्रित करणारे आणि तो परत ऐकवणारे शीर्ष किंचित अंतरावर असतात. एका यंत्रावर गाणे मुद्रित होत असताना तेच दुसऱ्या यंत्रावरही घ्यायचे आणि तेथून किंचित उशिरा परतणारा आवाज मूळ आवाजात मिसळायचा. हा उशीर सेकंदाच्या दशांशाच्या आसपास असतो. त्यामुळे आवाज दुणावतो, पण दरीतल्या हाकेसारखा लांबत नाही. प्रेस्ली आरसीएकडे गेल्यावर जानेवारी १९५६ मध्ये नॅशव्हिल येथे 'हार्टब्रेक हॉटेल'च्या वेळी तेथील तंत्रज्ञांनी मोकळ्या बोळाचा उपयोग करून हाच परिणाम साधण्याचा प्रयत्न केला. तो प्रभावी आहे, पण वेगळा आहे.

== गीते ==

संकलनात सोळा मुद्रणे असून गीते पंधराच आहेत, कारण 'आय लव्ह यू बिकॉज'ची दोन रूपे घेतली आहेत. पहिली दहा मुद्रणे म्हणजे सन कंपनीने जुलै १९५४ ते ऑगस्ट १९५५ या काळात काढलेल्या पाच तबकड्यांच्या दोन्ही बाजू. यांपैकी 'बेबी लेट्स प्ले हाउस' हे राष्ट्रीय कंट्री क्रमवारीत पोहोचलेले प्रेस्लीचे पहिले गीत. 'आय फरगॉट टू रिमेंबर टू फरगेट' हे १९५६ च्या आरंभी त्याच क्रमवारीत प्रथम स्थानी गेले. त्याच्या दोन रचनाकारांपैकी एक, चार्ली फेदर्स, स्वतःही रॉकबिली गायक होता. 'मिस्टरी ट्रेन' ज्युनियर पार्कर याने १९५३ मध्ये सनसाठीच गायिले होते. पार्करची गाडी जड पावलांनी जाते, प्रेस्लीची सुसाट सुटते.

उरलेल्यांपैकी 'ब्लू मून' वेगळे काढून ऐकावे असे आहे. रॉजर्स व हार्ट यांच्या या १९३४ च्या गीताच्या शेवटी एकाकी नायकाला प्रेम लाभते. प्रेस्लीने नेमका तो भाग गाळला आणि त्या जागी शब्दहीन, उंच, घुमणारा विलाप घातला. नायक अखेरपर्यंत एकटाच राहतो. एकोणीस वर्षांच्या मुलाने हे जाणून केले की नकळत, कोण सांगणार? या मुद्रणाला फिलिप्सने त्या काळी तबकडीत स्थान दिले नाही.

== प्रकाशन ==

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी आरसीएने प्रेस्लीचा करार व सर्व मुद्रणे पस्तीस हजार डॉलरला विकत घेतली. रक्कम त्या काळी अपूर्व होती, आणि कर्जाने गांजलेल्या फिलिप्सला तिची निकड होती. आरसीएने १९५६ च्या पहिल्या एल.पी.त सनची पाच अप्रकाशित गीते घातली, आणि तबकड्यांवरची बहुतेक गीते १९५९ च्या दोन एल.पी.त नंतरच्या गीतांबरोबर विखुरली. त्यामुळे हे सर्व एकाच काळाचे, एकाच खोलीतले काम आहे, हे श्रोत्यांना दोन दशके जाणवलेच नाही. ते प्रथम ब्रिटनमध्ये १९७५ साली एकत्र आले आणि त्यावरून पुढील वर्षी अमेरिकी आवृत्ती निघाली. प्रेस्ली तेव्हा हयात होता. १६ ऑगस्ट १९७७ रोजी मेम्फिस येथेच त्याचे निधन झाले.

संकलनाच्या रचनेत दोष आहेत. तबकड्यांची गीते क्रमाने येतात, परंतु सर्वांत आधी मुद्रित झालेले 'आय लव्ह यू बिकॉज' उत्तरार्धात पडले आहे. 'टुमॉरो नाइट'सारखी काही मुद्रणे यात नाहीत.

== श्रेयाचा प्रश्न ==

यातील अनेक गीते आधी कृष्णवर्णीय कलावंतांनी गायिलेली आहेत: क्रडप, पार्कर, रॉय ब्राउन, आर्थर गुंटर, कोकोमो अर्नोल्ड. प्रेस्लीने क्रडपचे ऋण जाहीरपणे मान्य केले होते. तथापि मान्यता वेगळी आणि मानधन वेगळे. आपल्या रचनांचे रास्त स्वामित्वशुल्क मिळवण्यासाठी क्रडपला आयुष्यभर झगडावे लागले, मजुरी करून पोट भरावे लागले. हे संकलन निघण्यापूर्वी दोन वर्षे, १९७४ मध्ये, तो वारला. या गीतांची थोरवी सांगताना ही बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे.

== पुढील आवृत्त्या ==

२००२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीच्या पहिल्याच यादीत प्रेस्लीच्या सन मुद्रणांचा समावेश केला. २००३ मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकाने पाचशे श्रेष्ठ अल्बमांच्या यादीत 'द सन सेशन्स'ला अकरावे स्थान दिले. १९८७ मध्ये 'द कम्प्लीट सन सेशन्स' हा दोन तबकड्यांचा संच निघाला. त्यात फसलेले प्रयत्न व मधली संभाषणेही ऐकावयास मिळतात. त्यानंतर 'सनराइज' (१९९९) आणि 'अ बॉय फ्रॉम टुपेलो' (२०१७) हे अधिक विस्तृत संच प्रसिद्ध झाले आहेत.